एक दिवसाआड चार्ज होणारी गाडी

शहाद्यात सलाउद्दीन वाइंडिंगवाल्याला न कळणारी वीज एकच, आणि ती म्हणजे आभाळातली! हे दुसरं कुणी म्हणत नसे. सलाउद्दीन स्वतःच म्हणायचा, तेही दिवसातून किमान दोनदा.

तसं बघितलं तर त्याचा हक्कच होता. एकतीस वर्षं त्यानं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून जिवंत केलं होतं. कळसाडीपासून म्हसावदपर्यंत ज्या विहिरीत मोटर, त्या विहिरीत सलाउद्दीनची तार. मोटर टेम्पोतून खाली उतरायच्या आधीच तो नुसता वास घेऊन सांगायचा, "दोन फेजवर चालली. मालक ऑटो स्विच लावून झोपला होता." मालक गुपचूप कान पकडायचा.

अशा माणसाच्या अंगणात विजेवर चालणारी स्कूटर आली, म्हणजे हलवायाच्या घरी जावई आल्यासारखंच. लाड कमी पडणार कसे?

स्कूटर आली त्याला कारण होतं. त्याची लेक आफशीन म्हसावदच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर नव्यानं लागली होती. रोजचं वीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. तिथल्या सिस्टर रमिलाबाई एकट्याच राहत. त्या म्हणाल्या, "एक खोली रिकामीच आहे, इथंच ये राहायला." आफशीननं हे घरी सांगितलं मात्र, सलाउद्दीननं जेवणाचं ताट बाजूला सारलं. एकुलती एक लेक. ती संध्याकाळी दारातून "अब्बा" म्हणत आत आली नाही, तर दिवस संपला हे कळणार तरी कसं? पण असं बोलून दाखवील तो सलाउद्दीन कसला!

"खोली कशाला?" तो गरजला. "विजेची गाडी घेऊ. चार्जिंगचा जिम्मा माझा! या घरात करंटलासुद्धा मला विचारून फिरावं लागतं!"

त्याची बायको खातून नुसतं "हं" म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिच्या "हं"ला वजन आलं होतं. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीइतकं.

पहिल्या संध्याकाळी सलाउद्दीननं स्वतःच्या हातानं पिन लावली. सकाळी गाडी शंभर टक्के! आफशीन भुर्रकन म्हसावदला गेली आणि परत आली. सलाउद्दीन दुकानात येईल त्याला सांगू लागला, "काही नाही हो, बॅटरी म्हणजे बांधून ठेवलेली मोटरच."

दुसऱ्या सकाळी चार्जरवर लाल दिवा लुकलुकत होता आणि गाडी चौतीस टक्क्यांवर.

"अब्बा, मध्येच बंद पडलं वाटतं," आफशीन म्हणाली.

"सॉकेट ढिलं असेल. तू बसनं जा. संध्याकाळपर्यंत बघतो."

आफशीन बसनं गेली आणि पाऊण तास उशिरा पोचली. इकडे सलाउद्दीननं सॉकेट बदललं. संध्याकाळी पिन लावली आणि सकाळी बघतो तर काय, शंभर टक्के! "बघितलंस?" तो खातूनला म्हणाला. "आजार कळला की औषध सोपं असतं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी एकोणतीस टक्के.

मग त्यानं मीटरपासून अंगणापर्यंतची वायर बदलली. गाडी शंभर टक्के! त्यानं दुकानाशेजारच्या चहावाल्याला विजयाची हकिगत सविस्तर ऐकवली. दुसऱ्या दिवशी एकतीस टक्के. चहावाल्यानं विचारलं, "भाई, गाडी कशी आहे?" सलाउद्दीननं चहा तसाच ठेवला आणि घाईचं काम आठवल्यासारखं केलं.

आता त्यानं दुकानातला जुना स्टॅबिलायझर आणून बसवला. तो लोखंडी डबा सुरू झाला की व्यायला झालेल्या म्हशीसारखा हंबरायचा. तरीही गाडी शंभर टक्के झालीच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेहतीस! म्हैस हंबरून हंबरून गेली फुकट.

खातून म्हणाली, "अजी, त्या कंपनीला फोन करा ना."

"कंपनीला? मी?" सलाउद्दीनचा चेहरा असा झाला, जणू त्याला कुणी न्हाव्याकडं जाऊन वाइंडिंग शिकून ये म्हणालं होतं. पण लेकीचे चार उशीर झाले होते. त्यानं फोन लावला.

"सर, तुमची घरची अर्थिंग व्यवस्थित आहे का?" पलीकडून एका मुलीनं मंजुळ आवाजात विचारलं.

"बेटी, कुठून बोलतेस?"

"पुण्याहून, सर."

"तरीच! अगं, अर्धा तालुका माझ्याकडून अर्थिंग शिकला आहे. माझ्या घरची अर्थिंग माझ्या हातची. दुसरं काही असेल तर विचार!"

"सर, आमच्या चार्जरला अर्थिंग नीट मिळाली नाही तर तो सुरक्षेसाठी आपोआप..."

सलाउद्दीननं फोन ठेवला. "काही कळत नाही पोरीला," तो म्हणाला. "पाठ केलेलं बोलते."

आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडं कुंदनची मिरची कांडायची गिरणी घर्रकन सुरू झाली. छतावरच्या दिव्यानं डोळा मिचकावला. सलाउद्दीन ताडकन उठला. सापडला! चोर शेजारीच होता!

मार्चचे दिवस होते. वर्षाचं तिखट करून घ्यायला बायकांनी कुंदनच्या दारात पोत्यांची रांग लावलेली. कुंदन नखशिखांत लाल झालेला, नुसते डोळे पांढरे.

"कुंदन, तुझी गिरणी व्होल्टेज खाते," सलाउद्दीननं जाहीर केलं. "माझी लेक नोकरीवर उशिरा पोचते. आज संध्याकाळी गिरणी बंद ठेव."

"भाई, मन्हा सीझन शे!" कुंदन कळवळला. पण शेजारधर्म आड आला आणि त्यानं बंद ठेवली. तरी सलाउद्दीनचा विश्वास कुठला बसायला! तो स्वतः त्या गिरणीत स्टूल टाकून राखणीला बसला. बंद गिरणीतसुद्धा हवेत तिखट ते तिखटच. दोन तासांत त्याला एक्केचाळीस शिंका आल्या. नाक टोमॅटोसारखं झालं, डोळ्यांतून धारा लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना वाटलं, कुंदनच्या घरी काहीतरी वाईट झालं. दोघीजणी तर पदर तोंडाला लावून दाराशी उभ्याच राहिल्या!

इकडे घरी नळाला पाणी आलेलं. खातून मागच्या अंगणात धोंड्यावर कपडे आपटत होती. सकाळी गाडी शंभर टक्के.

झालं! सलाउद्दीननं गल्लीभर निकाल सांगितला. "गिरणी बंद, गाडी चालू. आणखी काय पुरावा पाहिजे?"

कुंदनला राग आला. माणूस गरीब, पण मिरचीत वाढलेला. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं गिरणीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि सलाउद्दीनच्या अंगणात गाडीसमोर मांडी घालून बसला. "लावा पिन. मी आठेच बसस."

पिन लागली. हिरवा दिवा लागला. खातूननं चहा आणला. सलाउद्दीन मिशीत हसत म्हणाला, "बघ कुंदन, कशी गरीब गाईसारखी..."

टक्! लाल दिवा.

कुंदननं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा चहाचा भुरका मारला.

"आते बोला, भाई," कुंदन म्हणाला. "गिरणीले कुलूप. किल्ली मन्हाकडे. मी तुम्हना समोर. आते गिरणी कोन चालाडी ऱ्हायना? मन्हा आत्मा?"

सलाउद्दीननं पिन काढून पुन्हा लावली. दिवा लालच. कुंदन उठला, कप धुऊन जागेवर ठेवला आणि गेला. त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तो कप धुऊन गेला, हेच सलाउद्दीनला जास्त लागलं.

तीन दिवसांनी आफशीन जेवताना हळूच म्हणाली, "अब्बा, परवा आमच्याकडं सिकलसेल तपासणीचं शिबिर आहे. डोंगरातल्या गावांतून लोक पहाटे निघून येणार. तपासणीचं किट माझ्या ताब्यात आहे, मला साडेसातला तिथं असायलाच हवं. पहिली बस त्यानंतर पोचते."

"गाडी असेल चार्ज!"

"अब्बा, आज होतेय चार्ज. म्हणजे उद्या होणार नाही." तिनं भाकरी मोडली. "उद्या संध्याकाळी पुन्हा लाल दिवा लागला, तर मी तेव्हाच रमिलाबाईंकडं जाते. आणि मग... तिथंच राहीन म्हणते. रोज तुम्हाला त्रास."

त्रास! सलाउद्दीनला ओरडून सांगायचं होतं की अगं, त्रास कसला? पण तो म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे." आणि हात धुवायला उठला. भाजीत मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात एका मोटरीकडं बघत बसला होता. म्हणजे डोळे तिकडं होते इतकंच. तेवढ्यात कळसाडीचा नवनीत आपली पाणबुडी मोटर न्यायला आला. कापूस-उसाचा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक.

"काय भाई, आज तोंड असं का करेल शे?"

सलाउद्दीननं गाडीची सगळी कथा सांगितली. सॉकेट झालं, वायर झाली, म्हैस झाली, गिरणी झाली. नवनीतनं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "अर्थिंगले पानी टाकं का?"

"पाणी?"

"आम्हना डीपीनी अर्थिंग उन्हायामा सुकी जास. मंग मोटर नखरा करस. मी खड्डामा दोन बादल्या पानी टाकस, का लगेच चालू!"

"हे कोणी सांगितलं तुला?" सलाउद्दीननं तुच्छतेनं विचारलं.

नवनीत चमकला. "कोनी म्हंजे? तुम्हीच ते सांगेल व्हतं! गये साल, आठेच बशीसन!"

सलाउद्दीनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच्या घरची अर्थिंग! मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या धोंड्याजवळ. बावीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा लोकांना तो आठ फुटी पाइप, कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरून द्यायचा. स्वतःच्या घरी मात्र दुकानात उरलेली दोन फुटांची सळई ठोकली होती. "आत्तापुरती." कोळसा नाही, मीठ नाही. नळ यायचा एक दिवसाआड. नळ आला की खातून कपडे धुवायची, पाणी सळईपाशी मुरायचं आणि गाडी चार्ज व्हायची. नळ नाही, तर धुणं नाही, ओल नाही आणि चार्जिंगही नाही! सॉकेट, वायर, स्टॅबिलायझर आणि एक्केचाळीस शिंका, सगळं यश खातूनच्या धुण्याचं होतं. श्रेय तेवढं त्यानं घेतलं होतं!

त्यानं दुकानाचं शटर ओढलं. नवनीत मोटर खांद्यावर घेऊन बघतच राहिला.

घरी आला तेव्हा आफशीन नुकतीच परतली होती. तिनं गाडीला पिन लावून ठेवली होती आणि आतल्या खोलीत ती बॅग भरत होती. चार्जरचा दिवा अजून हिरवा होता. किती वेळ राहील याचा भरवसा नव्हता. सलाउद्दीन पाय न वाजवता मागच्या अंगणात गेला. सळईभोवतीची माती भाकरीसारखी फुटलेली. आज नळाचा दिवस नव्हता. त्यानं ड्रममधून बादली भरली आणि मातीकडं निघाला.

"अजी! भरून ठेवलेलं पाणी कुठं नेताय?" खातून दारात उभी होती.

खरं सांगायचं तर तीन शब्द पुरले असते. पण एकतीस वर्षांचा रुबाब तीन शब्दांत मातीत घालायचा कसा? त्याच्या तोंडून निघालं, "कपडे धुतो."

खातून जवळ आली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. सरळ भिंतीपाशी जाऊन कुंदनच्या बायकोला हाक मारली, "तुळशीबाई! ओ तुळशीबाई! लवकर या! नंतर सांगून खरं वाटायचं नाही!" आणि तिला आणायला ती मागच्या दारानं धावलीच.

आता धुणं भागच होतं. सलाउद्दीननं दोरीवर, खुंटीवर, खुर्चीवर जे हाताला लागेल ते ओढलं आणि बादलीत कोंबलं. त्याचे दोन शर्ट, एक टॉवेल, खातूनची ईदची नवी लालभडक ओढणी आणि काहीतरी पांढरं. आपटणं त्याला माहीत होतं. मोटरचा गंजलेला नट तो असाच काढायचा. त्यानं धोंड्यावर असे हात चालवले की पाणी उडून छपरापर्यंत गेलं! पण खाली येणारं पाणी वाहत वाहत बरोबर सळईपाशी जात होतं. त्याला एवढंच हवं होतं.

भिंतीवरून तुळशीबाईचं डोकं वर आलं. मग कुंदनचं. मागोमाग तिखटाच्या रांगेतल्या तीन-चार बायकांची.

"या अल्लाह!" परत आलेली खातून किंचाळली. तिनं बादलीत हात घालून एक कपडा वर उचलला होता. तो गुलाबी होता. गुलाबाच्या सरबताइतका गुलाबी. आणि त्याच्या खिशावर आफशीनचं नाव शिवलेलं होतं.

उद्याच्या शिबिरासाठी इस्त्री करून खुर्चीवर घातलेला पांढरा कोट!

आरडाओरडा ऐकून आफशीन बाहेर आली. तिनं गुलाबी कोट बघितला. बापाचे कोपरापर्यंत ओले हात बघितले. धोंड्यापासून सळईकडं जाणारी पाण्याची धार बघितली. मग मान वळवून पुढच्या अंगणातल्या चार्जरकडं बघितलं. हिरवा दिवा. ती शिकलेली पोर होती. तिला कळायला दोन सेकंद लागले.

भिंतीवरची सगळी डोकी वाट बघत होती.

"अब्बा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "थांबू नका. टॉवेल राहिलाय अजून. गाडी आत्ताशी चाळीसवर आहे."

बस्स, एवढंच! तिनं सगळ्यांसमोर त्याची लाज झाकली. आणि ती तिनं झाकली, म्हणूनच सलाउद्दीनला ती झाकून ठेवणं जड झालं. त्यानं टॉवेल खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"कुंदन, तुझ्या गिरणीचा दोष नव्हता. माझी अर्थिंग खोटी आहे. बावीस वर्षांपासून. दोन फुटांची सळई. ओली झाली तरच चालते. तुझा सीझन मी फुकट बुडवला. माफ कर."

कुंदनचं डोकं भिंतीमागं गेलं. सलाउद्दीनला वाटलं, गेला, कायमचा गेला. पण दोन मिनिटांत कुंदन दारातून आत आला, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या.

"सरका, भाई. तुम्हले धुता येस नही. नुसतं पानी टाका ना!"

मग तुळशीबाई एक घागर घेऊन आली. रांगेतल्या बायकांनी तिखटाची पोती सोडली आणि कळशा उचलल्या. झोपायच्या आत गाडी शंभर टक्के झाली. मागचं अंगण मात्र भातलावणीला आल्यासारखं दिसत होतं.

सकाळी आफशीन गुलाबी कोट घालून निघाली. निघताना म्हणाली, "अब्बा, त्या पुण्याच्या मुलीनं हेच विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"तिला सांगा एकदा फोन करून."

"सांगतो," सलाउद्दीन म्हणाला, आणि खरंच केला त्यानं फोन. पलीकडं दुसरीच मुलगी होती. तिला काहीच संदर्भ लागला नाही, तरी त्यानं तिची माफी मागितली. ती घाबरून "आणखी काही सेवा, सर?" म्हणत राहिली.

आफशीन साडेसातच्या आधी पोचली. संध्याकाळी दारातून "अब्बा" म्हणत आत आली आणि सांगू लागली, की डॉक्टर कोट बघून हसले, रमिलाबाई तर हसून हसून खुर्चीवर बसल्या, पण टोचून घ्यायला आलेली लहान पोरं तिच्याच रांगेत उभी राहत होती. बॅग तिनं रात्री जेवणाआधीच रिकामी केली. सलाउद्दीन म्हणाला, "भाजी छान झाली आहे." त्या दिवशी मात्र भाजीत मीठ खरंच कमी होतं.

रविवारी खड्डा खणला. कुंदन मदतीला आला. आठ फुटी पाइप, कोळसा, मीठ, सगळं रीतसर. माती लोटताना कुंदननं भीत भीत विचारलं, "भाई, मन्ही गिरणीनी अर्थिंगबी तुम्हीच करेल शे ना? ती...?"

"तुझी आठ फूट आहे!" सलाउद्दीनला एकदम जोर आला. "कोळशासकट! लोकांचं काम मी कधी कच्चं केलं नाही. दुकानात आलेल्या माणसाचं काम म्हणजे चोखच! विचार कुणालाही! कच्चं राहतं ते फक्त घरचं."

हे तो जरा मोठ्यानंच बोलला. खातून दारातच तांदूळ निवडत होती. ती "हं" म्हणाली.

सोमवारी दुकानात गर्दी होती. सहा-सात शेतकरी, तेवढ्याच मोटारी. सलाउद्दीन खाली मान घालून आलेल्या मालाला चिठ्ठ्या बांधत होता. मालकाचं नाव, गाव, दोष. एक झाली की दुसरी. त्याच्यासमोर कुणीतरी फडक्यात गुंडाळलेला मिक्सर ठेवला.

"नाव?" त्यानं वर न बघताच विचारलं.

"खातून."

पेन लिहीत होतं. "गाव?"

"इथलंच. तुमच्याच घरात राहते," ती म्हणाली. "दोन वर्षांपासून बंद आहे, भाईसाहेब. घरी सांगून बघितलं. मग ऐकलं की दुकानात आणला की काम चोख होतं."

दुकानात हशा पिकला. सलाउद्दीननं चिठ्ठी बांधली. आणि सांगायला हरकत नाही, तो मिक्सर त्यानं सगळ्या मोटारींच्या आधी, तासाभरात, चोख करून दिला. फक्त घरी घेऊन जायला खातून थांबली नव्हती. गिऱ्हाइकाचा माल दुकानदारानं घरपोच करावा, असं सांगून ती निघून गेली होती!